वासिम जाफर: मुलाला काय सांगू?

जामठारोड
आमचे चिरंजीव तेरा वर्षांचे. अकॅडमीत जातात, डावाची सुरुवात करतात. म्हणजे हौसेनं नाही, बाकीच्या पोरांना नवा चेंडू नको असतो म्हणून कोचनं याला पुढे ढकललंय. परवा जेवताना मी सहज म्हटलं, भारताचा जुना सलामीवीर जाफर, त्याचे व्हिडिओ बघ जरा, चेंडू न खेळता सोडायचा कसा ते कळेल. तर म्हणतो, "बाबा, तो मीमवाला? तो खेळायचा?"

घास अडकला माझा. आयपीएलच्या कोचिंग स्टाफमध्ये बसलेला, सामन्याच्या आदल्या दिवशी ट्विटरवर कोडं टाकणारा आणि इंग्लंडचा जुना कर्णधार मायकल वॉनला टोले मारणारा माणूस, एवढीच त्याला ओळख. मग त्यानंच मोबाईल काढला. ३१ कसोट्या, १९४४ धावा, सरासरी ३४.१०, पाच शतकं. "एवढंच?" मी म्हटलं खाली सरक. प्रथम श्रेणीत १९,४१० धावा, ५७ शतकं. नुसत्या रणजीत १२,०३८ धावा आणि ४० शतकं. त्यावर त्यानं दोन मिनिटं विचार केला आणि विचारलं, "मग इंडियाकडून का नाही करता आल्या?"

मला उत्तर देता आलं नाही. अन्याय झाला म्हणावं तर ३१ कसोट्या काही थोड्या नाहीत. कमी पडला म्हणावं तर जीभ रेटत नाही. तुम्ही काय सांगाल?

शिवाजीपार्ककर
सोप्पं आहे. सेहवाग आणि गंभीरच्या जमान्यात जन्मला. विषय संपला.

काडेपेटी
घ्या, धागा दुसऱ्याच ओळीत संपला. मी पॉपकॉर्न आणायला गेलो होतो हो.

दीडशहाणा
विषय एवढ्यात संपत नाही, शिवाजीपार्ककर. कालक्रम बघा. जाफरचं पदार्पण फेब्रुवारी २०००, वानखेडेवर, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध. समोर डोनाल्ड आणि पोलॉकसारखे वेगवान गोलंदाज. धावा ४ आणि ६. तेव्हा सेहवाग कसोटी संघात नव्हता, गंभीर तर शाळेतून नुकता बाहेर पडत असेल. त्या काळात आपल्याकडे ओपनर मिळत नव्हता म्हणून रमेश, देवांग गांधी, शिवसुंदर दास, दीप दासगुप्ता सगळ्यांना आलटून पालटून पाठवत होते. लक्ष्मणलाही पाठवलं, तो शेवटी नको म्हणाला. दुकान उघडं होतं आणि गिऱ्हाईक नव्हतं. जाफरला जागा अडवायला कोणी नव्हतं.

शिवाजीपार्ककर
बावीस वर्षांच्या पोराला घरच्या मैदानावर डोनाल्डसमोर उभं केलं, दोन डाव दिले आणि दोन वर्षं घरी बसवलं. ही संधी?

दीडशहाणा
मग २००२ चं काय? वेस्ट इंडीजला नेलं. अँटिग्वाला ८६ केल्या. त्यानंतर इंग्लंड. लॉर्ड्सला दुसऱ्या डावात ५३.

सिलीपॉइंट
अवांतर: अँटिग्वा २००२ म्हणजे तीच कसोटी ना, जिच्यात आपल्या अकराच्या अकरा जणांनी गोलंदाजी टाकली? जबड्याला पट्टी बांधून कुंबळे आला ती. त्यात जाफरनं १८ धावांत २ बळी घेतले होते. कारकिर्दीत बळी एकूण दोनच, ते दोन्ही तिथलेच. हे पण सांगा मुलाला, ऑलराउंडर होता म्हणावं.

काडेपेटी
खिक्. आणि त्याच वर्षी लॉर्ड्सवर वॉनच्या ऑफस्पिनवर आऊट झाला. वॉनचा कसोटीतला तो पहिला बळी. वीस वर्षांनी वॉन त्याचाच वाढदिवस साजरा करायला आला होता ट्विटरवर. मीमची मुळं थेट लॉर्ड्सपर्यंत जातात बघा.

आजी_ओपनर
(आजी म्हणजे माजीच्या उलट हो, नातवंडं नाहीत अजून.)

त्या लॉर्ड्सच्या कसोटीत खरी मेख आहे. सेहवाग पहिल्यांदा ओपनिंगला गेला तो त्याच सामन्यात. ८४ ठोकल्या. समोरच्या टोकाला कोण होता? जाफर. पुढच्या ट्रेंट ब्रिजला सेहवागचं शतक. त्यापुढच्या लीड्सला जाफर बाहेर, बांगर आत. ढगाळ हवेत बांगरनं ६८ केल्या, आपण डावानं जिंकलो आणि जाफर पुन्हा चार वर्षं रणजीत. म्हणजे मधल्या फळीतल्या माणसाला ओपनर करायचा प्रयोग यशस्वी झाला आणि खरा ओपनर त्यात गेला. शिवाजीपार्ककरांचं उत्तर अर्धं बरोबर आहे, फक्त सेहवाग वाटेत आला नाही, तो शेजारीच उभा होता.

जामठारोड
हे माझ्या लक्षातच नव्हतं. धन्यवाद, आजी.

वऱ्हाडी_ठेचा
नागपूरचं कोणी बोलूनच नाही राह्यलं का बे? मार्च २००६. सिव्हिल लाइन्सचं जुनं व्हीसीए मैदान. जामठ्याचं नवं स्टेडियम तेव्हा नव्हतंच. चार वर्षांनी जाफर परत आला तो आमच्या गावात. इंग्लंडविरुद्ध पहिल्या डावात ८१, दुसऱ्यात १००. कसोटीतलं पहिलं शतक नागपूरले झालं, मुंबईले नाही. लिहून ठेवा.

मी होतो तिथं. कॉलेज बुडवून. लोकायले वाटते त्या मॅचमध्ये फक्त इंग्लंडच्या कूकचं पदार्पण झालं अन् शतक झालं. अन् पानेसरनं सचिनले घेतलं, ते. पण शेवटच्या दिवशी मॅच वाचवली ती जाफर अन् द्रविडनं. उन्हानं टाळू तापली होती, अन् हा माणूस असा खेळून राह्यला होता जसा सकाळी पेपर वाचते कोणी.

शिवाजीपार्ककर
पेपर वाचते! एकदम बरोबर. मनगट बघायचं त्याचं. अझरुद्दीनचा भक्त होता तो आणि ते दिसायचं. मिडविकेटकडे नुसता हात फिरवायचा.

मनवा_न्यूजर्सी
२००६ चं माझंही आठवतंय. अँटिग्वा, २१२. इथं दुपार होती, मी ऑफिसमध्ये स्कोअरचं पान दर मिनिटाला रिफ्रेश करत बसले होते. पहिल्या डावात आपण २४१, त्यांनी ३७१. हरणार असं वाटत असताना याचं द्विशतक, आपण ५२१ वर डाव सोडला आणि शेवटी त्यांचे नऊ गेले, दहावा गेला नाही. जाफरची माझ्या मनातली सगळ्यात मोठी खेळी ती. पण आज लोकांना त्या कसोटीतलं आठवतं काय, तर सीमारेषेवर पकडलेला धोनीचा झेल आणि त्यावरून लारानं घातलेला वाद.

सिलीपॉइंट
जाफरच्या प्रत्येक मोठ्या खेळीचं हेच होतं का? नागपूर म्हणजे कूक. अँटिग्वा म्हणजे धोनीचा झेल. ट्रेंट ब्रिज २००७ म्हणजे जेलीबीन, झहीर बॅटिंगला आला तेव्हा इंग्लंडवाल्यांनी खेळपट्टीवर टाकलेल्या त्या गोळ्या. चेन्नई २००८ म्हणजे सेहवागचे ३१९, त्यात पहिल्या विकेटसाठी २१३ झाल्या आणि जाफरच्या त्यात ७३ होत्या हे कुणाच्या गावी नाही.

लेस्टरचा_लेले
ट्रेंट ब्रिजला मी होतो. कार्तिक आणि जाफरनं १४७ ची सलामी दिली. ड्यूक चेंडू, ढग, इंग्लंडचे तिघे चौघे डाव्या-उजव्या हातानं चेंडू हलवतायत आणि हे दोघे लंचच्या पुढे-मागे शांत. जाफर ६२. माझ्या पुढच्या रांगेत एक म्हातारा इंग्रज बसला होता, थर्मासमधला चहा पीत. जाफर चेंडू सोडायचा तेव्हा तो मान डोलवायचा, चौकार गेला की मात्र काहीच नाही. दुपारपर्यंत मीही तेच करायला लागलो.

आपण ती मालिका १-० जिंकलो, १९८६ नंतर पहिल्यांदाच इंग्लंडमध्ये. झहीरचे नऊ बळी सगळ्यांना पाठ. पण पहिल्या तीन तासांत चेंडू जुना कुणी केला?

दीडशहाणा
सगळे भावुक झालात म्हणून नावडतं काम मी करतो. २००७-०८, ऑस्ट्रेलिया. मेलबर्न ४ आणि १५. सिडनी ३ आणि ०. पर्थ १६ आणि ११. सहा डावांत ४९ धावा. अॅडलेडला वगळला, सेहवागबरोबर चक्क इरफान पठाणला पाठवलं. ब्रेट लीनं त्याची पूर्ण चौकशी केली. त्या आधी चटगाव, मे २००७. सामन्याचा पहिला चेंडू. मश्रफे. जाफरनं बॅट वर उचलून सोडला आणि स्टंप उडाला. दुसऱ्या डावातही भोपळा.

आता मुद्दा. पाच शतकांपैकी दोन द्विशतकं आहेत, अँटिग्वाचं २१२ आणि ईडनवर पाकिस्तानविरुद्ध २०२. म्हणजे टिकला की डोंगर, नाहीतर पॅव्हेलियन. हा अन्याय नाही. नव्या चेंडूवरचा पहिला अर्धा तास हा ओपनरचा धंदा आहे आणि जाफर तिथंच कच्चा होता.

काडेपेटी
इनोच्या पुड्या कोण आणतंय?

शिवाजीपार्ककर
चटगावनंतरचं सोयीस्कर विसरलात. लगेच पुढची कसोटी मीरपूरला. कार्तिक, जाफर, द्रविड, सचिन, चौघांची शतकं. पहिल्या चार जणांनी एकाच डावात शतक करण्याची कसोटी इतिहासातली पहिली वेळ. दोन भोपळ्यांनंतर १३८. आणि दक्षिण आफ्रिकेत, केपटाऊनचे ११६ कुठं गेले? एन्टिनी, स्टेन, पोलॉक समोर होते.

दीडशहाणा
केपटाऊन मान्य. मीरपूरला बांगलादेश होता.

वऱ्हाडी_ठेचा
चटगावलेही बांगलादेशच होता नं भाऊ. तिथं भोपळा काऊन मोजला मग?

सिलीपॉइंट
हाहाहा. ठेचा लागला.

आजी_ओपनर
दीडशहाणे, तुमचा मुद्दा खोडून काढायचा नाही, पण "कच्चा" या शब्दाशी भांडण आहे. जरा सविस्तर लिहिते. मी विद्यापीठापर्यंत ओपनिंग केली, माझा भाऊ कांगा लीग खेळला, त्यामुळे घरात जेवताना याच गप्पा असायच्या.

कांगा लीग म्हणजे मुंबईची पावसाळ्यातली स्पर्धा. ओली, न झाकलेली विकेट, गुडघाभर गवताचं आऊटफिल्ड. तिथं चौकार मारायचा तर चेंडू उचलूनच मारावा लागतो. भाऊ म्हणायचा, कांगात पहिल्या षटकात एक चेंडू नाकासमोरून जातो आणि पुढचा तिथूनच घोट्यावर येतो. मुंबईचा ओपनर तिथं एक गोष्ट शिकतो, ऑफ स्टंप कुठं आहे हे न बघता कळायला हवं. कारण सोडलेला चेंडू हा तुमचा फटका असतो. गोलंदाजाला वाटतं, याला मोहात पाडता येत नाही, मग तो जवळ टाकतो, आणि तेव्हा तुम्ही पायावरून ढकलून धावा घेता. जाफरचा अख्खा खेळ या हिशेबावर उभा होता.

गोची अशी की हा हिशेब चेंडूगणिक बदलतो. आपल्याकडे एसजी, हातानं शिवलेला, शिवण ठळक, पण लकाकी लवकर जाते. दहा-बारा षटकं काढली की पुढे राजा. ऑस्ट्रेलियात कुकाबुरा, शिवण बसते लवकर, पण खेळपट्टीवर उसळी असते. भारतात जो चेंडू स्टंपच्या वरच्या टोकाला लागेल तो तिकडे कमरेला येतो. जाफर उंच, सरळ उभा राहणारा, पायांची हालचाल थोडी, सगळा भरवसा डोळा आणि मनगटावर. असा माणूस लयीत असला की जगात त्याच्याइतकं देखणं काही नाही. लय नसली की तोच माणूस झोपेतून उठून आल्यासारखा दिसतो, आणि लोक म्हणतात आळशी आहे. सेहवागचेही पाय हलायचे नाहीत, पण त्याला आळशी म्हणायची कुणाची छाती झाली नाही, कारण तो वीस चेंडूंत तीस करून जायचा.

पहिल्या चेंडूवर सोडून बोल्ड होणं हे मूर्खपणाचं दिसतं. पण ज्याचा सोडण्यावर विश्वास आहे तोच असा आऊट होतो.

लेस्टरचा_लेले
दंडवत. शेवटचं वाक्य त्या थर्मासवाल्या म्हाताऱ्याला ऐकवायला हवं होतं.

दीडशहाणा
"कच्चा" मागे घेतो. "लयीवर जगणारा" म्हणतो. आकडे तेच राहतात.

सदाशिवपेठी
आमच्याकडे चेतन चौहान होते. पुण्यात वाढले, वाडिया कॉलेज, कमल भांडारकरांच्या हाताखाली तयार झाले, महाराष्ट्राकडून खेळले, नंतर दिल्लीला गेले. ४० कसोट्या, २०८४ धावा आणि शतक एकही नाही. सर्वोच्च ९७. दोन हजारांवर धावा करून एकाही शतकाशिवाय निवृत्त झालेला पहिला कसोटीपटू. १९७९ ला ओव्हलवर गावसकरांबरोबर २१३ ची सलामी दिली. गावसकरांच्या २२१ सगळ्यांना माहीत, चौहानांच्या ८० कुणाला माहीत?

जाफरची पाच शतकं आहेत. रडगाणं पुरे.

काडेपेटी
पुणेकरांचं दुःखसुद्धा इतरांपेक्षा मोठं असतं.

सदाशिवपेठी
मोठं नाही. नेमकं असतं.

नाना_गिरगाव
मी जरा जुना माणूस, टंकायला वेळ लागतो. चौहान निघाले आहेत तर माधव आपट्यांचं नाव कुणी घेतलं नाही. मुंबईचे सलामीवीर. सात कसोट्या, ५४२ धावा, सरासरी ४९.२७. १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात एका मालिकेत ४६० धावा केल्या, पोर्ट ऑफ स्पेनला नाबाद १६३. त्या दौऱ्यानंतर त्यांना पुन्हा कसोटीत घेतलंच नाही. विशी ओलांडून फार दिवस झाले नव्हते. पुढे आयुष्यभर हसतमुख. कांगा लीग तर पन्नाशी उलटून गेली तरी खेळत होते.

जाफरला ३१ मिळाल्या. आमचे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर, त्यांना शून्य. अमोल मुझुमदारला शून्य, तो आता महिलांचा विश्वचषक जिंकून देणारा कोच झाला. मुंबईत असं दुःख चाळीतल्या नळासारखं, सगळ्यांच्या वाटणीचं.

जामठारोड
नाना, आपट्यांचं माहीतच नव्हतं. सरासरी ४९ आणि सात कसोट्या? मुलाला हे सांगितलं तर तो क्रिकेट सोडून देईल.

शिवाजीपार्ककर
मला वाटतं आपण सगळे कसोटीच्या खिडकीतून बघतोय. जाफरची खरी कारकीर्द मुंबईची टोपी. प्रथम श्रेणीतला दुसराच सामना, राजकोट, सौराष्ट्र, नाबाद ३१४. वय अठरा! सुलक्षण कुलकर्णीबरोबर ४५९ ची सलामी. मग २००८-०९, पुन्हा सौराष्ट्र, रणजी उपांत्य सामना, चेपॉकवर ३०१. त्या मोसमात १२६० धावा. एप्रिल २००८ मध्ये कानपूरला शेवटची कसोटी खेळला, त्याच वर्षी हिवाळ्यात हे. वय तीस. आणि बोलावणं नाही.

कर्णधार म्हणून लागोपाठ दोन रणजी. २०१० चा म्हैसूरचा अंतिम सामना, कर्नाटक, मनीष पांडेचे १४४, आगरकरचे पाच बळी आणि आपण सहा धावांनी जिंकलो. त्या दिवशी मी ट्रेनमध्ये एका माणसाच्या रेडिओला कान लावून विरारपर्यंत गेलो. मला उतरायचं होतं दादरला.

वऱ्हाडी_ठेचा
मुंबईची टोपी म्हणता, मग २०१५ ले ती टोपी घेऊन आमच्याकडे काऊन आला तो?

शिवाजीपार्ककर
तुम्हाला रणजी जिंकायला शिकवायला. चंद्रकांत पंडित कोच मुंबईचा, जाफर मुंबईचा. विदर्भाचं होतं काय त्यात?

वऱ्हाडी_ठेचा
घ्या लिहून. फैज फजल कॅप्टन, नागपूरचा. गुरबानी, उपांत्य सामन्यात कर्नाटकले पाच धावांनी हरवलं तेव्हा एका डावात सात, अन् अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध हॅट्ट्रिक. अक्षय वाडकरचे १३३. हे काय दादरले राहतात का?

पण जाफरचं म्हणाल तर इंदूर, १ जानेवारी २०१८. जिंकायले २९ पाहिजे होत्या. विजयाचा चौकार त्याच्याच बॅटमधून गेला. मुंबईकडून आठ वेळा उचललेली रणजी त्यानं आमच्यासोबत अजून दोनदा उचलली. दहा अंतिम सामने, दहाही जिंकले. हा आकडा कसोटीच्या ३४.१० च्या बाजूले ठेवून पाहा.

सिलीपॉइंट
बारीक दुरुस्ती. आपण सगळे ओपनर ओपनर करतोय, पण विदर्भासाठी तो तिसऱ्या क्रमांकावर यायचा. सलामीला फजल आणि संजय रामस्वामी.

काडेपेटी
सिलीपॉइंट, लग्नात जेवणाच्या पंगतीत मीठ कमी आहे हे सांगणारे तुम्हीच ना?

मनवा_न्यूजर्सी
उलट ती दुरुस्ती मला महत्त्वाची वाटली. चाळिशीच्या आसपास नवा चेंडू तरुणांना दिला आणि आपण एक पायरी खाली आला. २०१८-१९ मध्ये हजारावर धावा, तेही तिथूनच.

वेदवती
मी इथं फक्त वाचते, कधी लिहीत नाही. पण जामठ्याच्या इराणी ट्रॉफीबद्दल, म्हणजे रणजी विजेता विदर्भ विरुद्ध शेष भारत, कुणी लिहिलं नाही म्हणून.

मार्च २०१८. बाबांच्या बायपासला तीन महिने झाले होते. डॉक्टरांनी थोडं फिरा म्हटलं होतं, आणि बाबांनी त्याचा अर्थ जामठा असा काढला. तिकडे स्टेडियम म्हणजे गावाबाहेर, वर्धा रोडला, आजूबाजूला सावली नाही. देशांतर्गत सामना, स्टँड जवळजवळ रिकामा. आम्ही दोघं, एक पाण्याची कॅन, डबा. समोर अश्विन गोलंदाजी करतोय आणि चाळीस वर्षांचा जाफर त्याला खेळवतोय. बाबांनी दिवसभरात दोनदाच तोंड उघडलं. एकदा "घाम नाही बघ याला" आणि एकदा "डबा काढ".

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो २८५ वर नाबाद होता. तिसऱ्या दिवशी बाबा पाचलाच उठून तयार. म्हणाले त्रिशतक बघायचं. आम्ही बसलो, मी डब्याची पिशवी पायाशी ठेवून सरळ होते तोवर तो आऊट. २८६. एक धाव. बाबा काही बोलले नाहीत. दहा मिनिटांनी म्हणाले, "चला, पोहे तरी खाऊ." विदर्भानं ८०० केल्या पुढे, पण आम्ही तर्री-पोह्याच्या गाडीवर होतो.

वऱ्हाडी_ठेचा
वेदवती, मीही त्या स्टँडमध्ये होतो. आपण एकमेकायले ओलांडून गेलो असू. रिकामाच होता तसाही.

आजी_ओपनर
"घाम नाही बघ याला". यापुढे माझी दोन परिच्छेदांची तंत्रचर्चा फिकी पडली.

नाना_गिरगाव
वेदवतीताई, वडील कसे आहेत आता?

वेदवती
छान आहेत, नाना. अजूनही चौदा धावांचा विषय काढतात.

दीडशहाणा
जामठारोड, मूळ प्रश्नावर येतो. मी आकडेवाला माणूस, तरी सांगतो. मुलानं विचारलं "मग इंडियाकडून का नाही करता आल्या". याचं खरं उत्तर माझ्या मते तीन तुकड्यांत आहे आणि एकही तुकडा एकटा पुरत नाही. पहिल्या दोन खेपांना, २००० आणि २००२ मध्ये, संधी तुटक मिळाली. २००६ ते २००८ मध्ये सलग मिळाली तेव्हा त्यानं खरंच धावा केल्या, पण ऑस्ट्रेलियात नेमका घसरला. आणि घसरला तेव्हा बाहेर गंभीर उभा होता. तिसऱ्या गोष्टीवर त्याचा काहीच ताबा नव्हता. तिशीनंतर तो जास्त चांगला फलंदाज झाला असं माझं मत आहे, पण निवड समितीला तेव्हा चोवीस वर्षांचा सलामीवीर मुरली विजय दिसत होता. त्याचं पदार्पणही नागपूरलाच झालं, योगायोग बघा.

शिवाजीपार्ककर
दीडशहाण्यांशी सहमत होण्याची ही माझी पहिलीच वेळ. स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

सदाशिवपेठी
वनडेचं राहिलं. दोन सामने, दहा धावा. पूर्णत्वासाठी नोंदवून ठेवतो.

काडेपेटी
कोणी मागितलं होतं?

जामठारोड
सगळ्यांचे आभार. रविवारी मुलाला शेजारी बसवून हा धागा वाचून दाखवला. त्याला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल? ३१४ नाही, २१२ नाही. "दोन विकेट घेतल्या होत्या?" हे तीनदा विचारलं. आपट्यांचं ऐकून "सात मॅच? का?" म्हणाला, आणि नानांनी कारण लिहिलेलं नाही म्हणून मी गप्प.

मग अँटिग्वाचा व्हिडिओ शोधला, तुकडे तुकडेच मिळाले. त्यात मध्ये मध्ये जाफर चेंडू सोडतो तेवढेच त्यानं मागे घेऊन घेऊन पाहिले. बॅट कशी उचलतो, डोकं कुठं असतं. मी मनात खूश. सोमवारी नेटवर गेला. पहिला चेंडू, ऑफ स्टंपच्या जरा बाहेर, यानं ऐटीत बॅट वर उचलली, चेंडू आत आला, मधला स्टंप गेला.

कोच ओरडले, "हे काय होतं?"

हा म्हणतो, "सर, चटगाव."

वऱ्हाडी_ठेचा
पोरगं आपलं आहे बे.

लेस्टरचा_लेले
पुढच्या कसोटीत १३८ करेल. धीर धरा.

सिलीपॉइंट
चटगावला मधला गेला होता की ऑफ? तपासून सांगतो.